शू, शी आणि कुरतडलेल्या चपला: घरगुती इलाजांची झाडाझडती

कुत्र्याने घरात केलेल्या शूवर पांढरं व्हिनेगर हा सगळ्यात स्वस्त इलाज, आणि बऱ्यापैकी चालणाराही. शू शिळी झाली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात. नाकात जाणारा उग्र दर्प त्याचाच. व्हिनेगरमधलं आम्ल तो दाबतं. आधी जुन्या टॉवेलने शू टिपून घ्यायची (पुसली की पसरते), मग व्हिनेगर आणि पाणी समसमान ओतायचं, दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याने पुसायचं. व्हिट्रिफाइड टाइल्सवर हे बिनधास्त करावं. शहाबादी, कोटा किंवा संगमरवर असेल तर मात्र नाही. तिन्ही चुनखडीच्या कुळातले दगड. आम्ल लागलं की तकाकी जाते, पांढुरके डाग उमटतात, आणि खरखरीत झालेली फरशी पुढच्या वेळी शू आणखी शोषते. मोझॅकचंही तेच, कारण त्यात संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं.

खायचा सोडा गादी-सोफ्यासाठी बरा. ओल टिपून झाली की जाडसर भुरभुरवायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. तेवढा वेळ कुत्रा त्या खोलीत नको. सोडा चाटून पोटात गेला तर उलट्या होतात, जास्त गेला तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जातं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढण्याचे व्हिडिओ बघायला छान वाटतात, पण दोघं एकमेकांना निकामी करतात. उरतं ते जवळजवळ खारट पाणी. वापरायचेच तर वेगवेगळे, एक पुसून झाल्यावर दुसरा.

विकतच्या वस्तूंत पैसे वसूल होतात ते एन्झाइमच्या, म्हणजे शूतले घटक तोडणाऱ्या विकरांच्या, क्लीनरचे. व्हिनेगरपेक्षा कितीतरी पट महाग असतं, पण कुत्र्याच्या नाकाला जो वास उरतो तो हेच घालवू शकतं. तो उरला की कुत्रा पुन्हा त्याच कोपऱ्यात पाय वर करतो. हे क्लीनर चाललं नाही अशी तक्रार येते, त्यामागे बहुतेक वेळा वापरायची पद्धत असते. दोनदा फवारून लगेच पुसलं तर उपयोग शून्य. जितकी शू मुरली तितकंच मुरेल इतकं ओतायचं, टाइल्सच्या फटींत आणि गादीच्या आतपर्यंत पोचू द्यायचं, वर ओलं फडकं टाकून निदान पंधरा मिनिटं सुकू द्यायचं नाही. बाटलीत जिवंत जिवाणू असतील तर कित्येक तास. त्या जागी आधी जंतुनाशक मारलं असेल तर हे जिवाणू मरतात, म्हणून पहिल्यांदा साध्या पाण्याने धुवून घ्यायचं. पाणी गरम नको. ‘युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक विरघळवते’ या लेबलवरच्या ओळीला कुत्रेवाल्यांनी फार भुलू नये. डाल्मेशियन सोडला तर बहुतेक कुत्र्यांच्या शरीरात युरिक अ‍ॅसिडचं पुढे अ‍ॅलँटॉइन होतं, आणि ते पाण्यात सहज विरघळतं.

फिनेल सगळ्यात वाईट. वास आपल्याला स्वच्छ वाटतो इतकंच. कुत्रा ओल्या फरशीवरून चालतो, मग पंजे चाटतो. काळं फिनेल तर घरात आणूच नये. शूवर थेट ब्लीच ओतलं तर अमोनियाशी मिळून विषारी वायू सुटतो. कोपऱ्यात डांबरगोळ्या किंवा कापूर ठेवायचा सल्लाही बाद. दोन्ही कुत्र्याला विष आहेत आणि पिल्लू ते हमखास तोंडात घालतं.

कुरतडण्यावर तिखट किंवा मिरपूड लावू नका. डोळ्यांत गेली की कुत्रा कळवळतो, आणि रांगतं मूल घरात असेल तर त्याचीही तीच गत. कारल्याचा रस काही कुत्रे मिटक्या मारत चाटतात. कडुलिंबाचा वाटलेला पाला थोडा बरा, पण लाकडावर हिरवे डाग पडतात. विकतचा कडू स्प्रे घेताना डेनाटोनियम बेंझोएट असलेला बघा. ज्ञात पदार्थांत सगळ्यात कडू म्हणतात तो हाच. अल्कोहोलवर केलेला असेल तर फर्निचरचं पॉलिश उडवतो, म्हणून आधी सोफ्याच्या मागच्या बाजूला लावून पाहा. लाळेने पुसला जातो, तेव्हा रोज लावावा लागतो. पिल्लाचे 28 दुधाचे दात पडून 42 पक्के येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांचं होईतो, कुरतडणं थांबणारच नाही. फ्रीजरमधलं अख्खं गाजर किंवा ओला करून गोठवलेला नॅपकिन द्या, आणि चपला कपाटात. हिरड्यांना लवंगेचं तेल चोळू नका.

शी खाण्यावर अननस, भोपळा, अजिनोमोटो, नाना पावडरी सुचवल्या जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2018 मध्ये छापलेल्या पाहणीत या सवयीसाठी विकल्या जाणाऱ्या 11 उत्पादनांचं यश मालकांच्या सांगण्यावरून 0 ते 2 टक्के निघालं. त्याच पाहणीत खाल्लेली शी बहुतेक वेळा दोन दिवसांच्या आतली, ताजी होती. म्हणून पावडरीपेक्षा पिशवी बरी: केली की उचल. बाहेर पट्टा आखूड धरायचा, ‘सोड’ शिकवायचं आणि सोडल्या क्षणी उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. वजन घटतंय, शी पातळ-तेलकट आहे आणि भूक भागतच नाही असं असेल तर जंत आणि स्वादुपिंड तपासून घ्या.

राहिली कुत्र्यांनी तिथे शू करू नये म्हणून फाटकाला टांगलेली रंगीत पाण्याची बाटली. कुत्र्याला निळा-पिवळा रंग नीट दिसतो, लाल मळकट तपकिरी भासतो. त्यामुळे लाल पाण्याला तो घाबरतो हे म्हणणं टिकत नाही, आणि निळं दिसलं तरी घाबरायचं कारण काय? बाटलीच्या बुडाशीच शूचे ओघळ दिसतात. फाटकाचा खांब एन्झाइमने धुतलात तर थोडा तरी फरक पडेल.

यातलं काहीही आणण्याआधी एक बघा. घरात कधीच न करणारा मोठा कुत्रा अचानक शू करू लागला, वरचेवर थेंब-थेंब करतोय किंवा पाणी फार पितोय, तर स्वच्छ डबीत ताजी शू धरून त्याच दिवशी पशुवैद्याकडे तपासायला न्या.