पीसीबी डिझाइनचे कोटेशन: पिनामागे, तासाप्रमाणे की उक्ते?

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत स्वतःचे उत्पादन उभे करू पाहणारा उद्योजक पीसीबीचे (सुटे भाग ज्यावर बसवून तांब्याच्या पट्ट्यांनी जोडतात त्या छापील सर्किट बोर्डाचे) डिझाइन बाहेरून करून घ्यायला निघतो, तेव्हा त्याच्या हाती साधारणपणे तीन प्रकारची कोटेशने पडतात. कोणी पिनामागे दर सांगतो, कोणी तासाचा दर आणि तासांचा अंदाज देतो, तर कोणी सगळे काम उक्ते घेतो. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की त्यांत दुपटी-तिपटीचा फरक दिसू शकतो आणि सर्वांत लहान आकड्याकडे मन ओढले जाते. मात्र हे तीन आकडे बहुतेक वेळा एकाच कामाचे नसतात, आणि निर्णय घेण्यापूर्वी नेमके तेच तपासायला हवे.

विदर्भात ज्याची मागणी नेहमीची आहे असे एक उत्पादन उदाहरणासाठी घेऊ: तीन फेजच्या कृषिपंपाचा मोबाइलवरून चालणारा नियंत्रक. त्यात एक मायक्रोकंट्रोलर, एक जीएसएम मॉड्यूल (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा तयार भाग), तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि मोटरचा करंट मोजणारा भाग, दोन-तीन रिले (विजेने उघडमिट होणारे स्विच) आणि वीजपुरवठ्याचा भाग असेल. सुटे भाग 110 आणि त्यांच्या पिना 420 धरू. पुढचे दर केवळ हिशेब समजावा म्हणून गृहीत धरले आहेत. बाजारभाव म्हणून ते घेऊ नयेत.

पिनामागे 15 रुपये धरले तर रक्कम 6,300 रुपये होते. तासाप्रमाणे काम करणारा डिझायनर मात्र असा हिशेब मांडेल: स्कीमॅटिक, म्हणजे जोडणीचा आराखडा, काढायला 8 तास, फूटप्रिंट (प्रत्येक सुटा भाग बसण्याच्या जागेचा आकृतिबंध) तयार करून डेटाशीटशी ताडून पाहायला 6, सुटे भाग बोर्डावर मांडायला 8, ट्रॅक (तांब्याच्या पट्ट्या) ओढायला 10 आणि अंतिम तपासणी करून बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यासाठी गर्बर, ड्रिल व असेंब्लीच्या फायली काढायला 4, म्हणजे एकूण 36 तास. ताशी 500 रुपयांप्रमाणे त्याचे 18,000 रुपये होतात. उक्ते काम घेणारा हाच हिशेब मनात मांडतो आणि अनपेक्षित बदलांची तरतूद म्हणून त्यावर पाव हिस्सा चढवून 22,500 रुपये सांगतो. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातील फरकाचे मोठे कारण असे की पिनामागचा दर सहसा फक्त ले-आउटचा, म्हणजे भागांच्या मांडणीचा आणि ट्रॅकचा, असतो. स्कीमॅटिक तयार आहे आणि फूटप्रिंट बरोबर आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते. तासांच्या हिशेबातील मांडणी, ट्रॅक आणि फायली एवढेच 22 तास घेतले तर रक्कम 11,000 वर येते, आणि 6,300 ची तुलना करायची ती या आकड्याशी.

उरलेला फरक पिनांच्या स्वभावातून येतो. चोवीस पिनांचा साधा कनेक्टर काही मिनिटांत जोडून होतो. याउलट रिलेच्या पिना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, पण त्याच्या संपर्कांवर 415 व्होल्टचा पुरवठा येणार असतो. तिथे तांब्याच्या दोन पट्ट्यांमधील हवेतले अंतर आणि बोर्डाच्या पृष्ठभागावरून मोजलेले अंतर, म्हणजे क्लिअरन्स आणि क्रीपेज, ही दोन्ही मानकांनुसार ठेवावी लागतात. जागा अपुरी पडली तर रिलेखाली बोर्डात खाच कापावी लागते, आणि शेतावरच्या डब्यात धूळ व ओल शिरणार हे धरून अंतर थोडे अधिक सोडावे लागते. जीएसएमच्या अँटेनाकडे जाणारा ट्रॅक तर दोनच पिना जोडतो, तरी त्याचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) 50 ओहम राखावा लागतो. दोन लेअरच्या (तांब्याच्या दोन थरांच्या) नेहमीच्या 1.6 मिलिमीटर जाडीच्या एफआर-4 (काचतंतू आणि रेझिनच्या) बोर्डावर त्यासाठी साधा ट्रॅक सुमारे 3 मिलिमीटर रुंद करावा लागतो, आणि मॉड्यूलच्या पॅडपेक्षा तो बराच रुंद असल्यामुळे तिथली मांडणी पुन्हा पुन्हा हलवावी लागते. चार लेअरच्या बोर्डात ग्राउंडचा थर अवघ्या 0.2 मिलिमीटरवर असेल, तर तेच काम 0.4 मिलिमीटरच्या आसपासच्या ट्रॅकने भागते. पिना मोजून दर लावणाऱ्याला हे सारे फुकट करावे लागते, किंवा तो ते करतच नाही. म्हणून ज्या बोर्डावर मेन्सचा (वीजवाहिनीचा) पुरवठा आणि रेडिओ (इथे जीएसएम) हे दोन्ही आहेत, त्यासाठी पिनामागचा दर मी सुचवणार नाही. एलईडीचे बोर्ड, साधी सेन्सर कार्डे किंवा जुन्या डिझाइनची आकाराने वेगळी आवृत्ती, एवढ्यापुरता तो दर उत्तम आहे. तिथे तो स्वस्त पडतो आणि हिशेबही स्वच्छ राहतो.

लेअरचा प्रश्न इथे थोडा अधिक पाहायला हवा, कारण डिझाइनचा खर्च आणि उत्पादनाचा खर्च तिथे एकमेकांच्या विरुद्ध जातात. चार लेअर घेतले की ट्रॅक ओढण्याचे तास कमी होतात, ग्राउंड नीट मिळतो आणि पहिलेच बोर्ड चालण्याची शक्यता वाढते, परंतु प्रत्येक बोर्डाची किंमत चढते. हा चढ समजा नगामागे 60 रुपये असेल, तर 100 नगांना 6,000 रुपये जादा लागतील आणि 5,000 नगांना तीन लाख. पहिल्या प्रसंगात डिझायनरचे दहा-बारा तास वाचवणे शहाणपणाचे ठरते; दुसऱ्यात त्याला दुप्पट तास देऊन दोनच लेअरमध्ये काम बसवून घेणे परवडते. तेव्हा वर्षाला किती नग लागणार हे न विचारता जो डिझायनर कोटेशन देतो, त्याचा आकडा कोणत्याही पद्धतीने काढलेला असला तरी त्यावर फार विसंबू नये.

नागपूरचा उन्हाळाही हिशेबात धरायला हवा. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि उन्हात टांगलेल्या लोखंडी डब्यातील तापमान त्याहून कितीतरी अधिक असते. 70 अंशांपर्यंतच्या व्यावसायिक दर्जाच्या आयसींऐवजी 85 अंशांपर्यंतच्या औद्योगिक दर्जाच्या घ्याव्या लागतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर 10 अंश वाढीमागे साधारण निम्मे होते, म्हणून ते 105 अंशांचे निवडून ट्रान्सफॉर्मर आणि रेग्युलेटरपासून दूर बसवावे लागतात. मांडणीच्या तासांत यामुळे भर पडते. पुण्या-बंगळुरूच्या डिझाइन हाउसला ही अट लेखी कळवली नाही, तर वातानुकूलित खोलीत चालणारे बोर्ड मिळाल्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. स्थानिक डिझायनरचा खरा लाभ इथे दिसतो: तो डबा हातात घेऊन पाहू शकतो, झाकणाची उंची मोजतो, केबल कुठून आत येते ते बघतो. मात्र अनेक लेअरचे, डीडीआर या वेगवान मेमरीचे किंवा बारीक पिचच्या (जवळजवळ जोड असलेल्या) बीजीएचे, म्हणजे पोटाखाली जोड असलेल्या चिपचे, काम असेल, तर त्या प्रकारचा अनुभव असलेले डिझाइन हाउसच गाठावे, मग ते कुठेही असो.

उक्त्या कोटेशनचा फायदा उघड आहे: खर्च आधीच ठाऊक असतो आणि बँकेच्या प्रकल्प अहवालात तो आकडा थेट मांडता येतो. त्याची अडचण बदलांच्या वेळी जाणवते. ले-आउट अर्धे झाल्यावर ग्राहकाने एखादा रिले वाढवला किंवा ठरलेले जीएसएम मॉड्यूल बाजारात मिळेनासे झाले, की कोणता बदल मूळ रकमेत बसतो यावरून वाद सुरू होतो. तासाप्रमाणे दर असेल तर बदलाची किंमत निमूटपणे बिलात येते, पण मग एकूण रकमेला वरची मर्यादा राहत नाही. म्हणून ज्याचे उत्पादन अद्याप पूर्ण ठरलेले नाही, त्याने काम दोन भागांत तोडावे असे माझे स्पष्ट मत आहे. स्कीमॅटिक, सुट्या भागांची निवड आणि फूटप्रिंट हा भाग तासाप्रमाणे, परंतु कमाल तासांची मर्यादा घालून द्यावा. स्कीमॅटिकवर दोन्ही बाजूंची सही झाली की ले-आउटचे काम उक्ते द्यावे. सहीनंतरच्या बदलांना ताशी दर लागू होईल, हे वर्क ऑर्डरमध्ये आधीच लिहून ठेवावे.

पहिल्या नमुन्यात चूक निघाली तर काय, हा मुद्दा तिन्ही प्रकारच्या कोटेशनांत बहुधा अनुत्तरित असतो. दुसरी फेरी म्हणजे डिझायनरचे काही तास एवढेच नसते. नवे बोर्ड, सोल्डर पेस्ट लावायची नवी स्टेन्सिल, पुन्हा सुटे भाग, पुन्हा असेंब्ली आणि मधले काही आठवडे असा सगळा बोजा असतो, आणि आपल्या उदाहरणात तो तासाच्या आणि उक्त्या कोटेशनांमधल्या 4,500 रुपयांच्या फरकाहून सहज मोठा ठरू शकतो. डिझायनरच्या चुकीमुळे फेरी लागली तर ले-आउटची दुरुस्ती विनामूल्य व्हावी, ही मागणी रास्त आहे. बोर्ड आणि सुट्या भागांचा खर्चही त्यानेच उचलावा अशी अट घातली, तर तो ती जोखीम दरात चढवणार, हेही समजून घ्यावे. या शिवाय रकमेत 18 टक्के जीएसटी धरला आहे की नाही ते विचारावे. केवळ गर्बर नको, मूळ स्कीमॅटिक, बोर्ड आणि लायब्ररीच्या फायली हव्यात असे नमूद करावे. गर्बरवरून बोर्ड बनते, पण त्यात पुढचा बदल करणे अतिशय कष्टाचे असते. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते, त्यामुळे डिझाइनच्या मालकीची ओळ वर्क ऑर्डरमध्ये असलीच पाहिजे.

आपल्याच इंजिनिअरकडून किकॅड या पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर डिझाइन करून घ्यावे का, असाही विचार काहींच्या मनात असतो. किकॅड मोफत आहे आणि आपल्या उदाहरणातील बोर्डासाठी पूर्णपणे पुरेसे आहे. खर्च होतो तो इंजिनिअरच्या पगाराचा आणि शिकण्यात गेलेल्या वेळाचा. दरवर्षी दोन-चार नवी बोर्डे लागणार असतील तर तो वसूल होतो, एकाच बोर्डासाठी होत नाही. हा मार्ग धरला तरी मेन्सचा भाग असलेले पहिले बोर्ड कारखान्याकडे पाठवण्यापूर्वी अनुभवी डिझायनरकडून तपासून घ्यावे. या तपासणीसाठी तासाप्रमाणे पैसे देणेच सोयीचे, कारण तिथे पिनांना अर्थ नसतो आणि किती चुका निघतील हे आधी ठाऊक नसल्यामुळे उक्ती रक्कमही कोणाला नीट सांगता येत नाही.