ऑडेसिटी : रेकॉर्डिंगच्या बटणांपुरते परीक्षण

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके वाचून रेकॉर्ड करण्याचे काम मी काही वर्षांपासून घरच्या घरी करते. त्यामुळे ध्वनिसंपादनाचे सॉफ्टवेअर कसे आहे, हे मी त्यातील इफेक्टच्या लांबलचक यादीवरून ठरवत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना माझा हात किंवा जीभ चुकली तर ते काय करते, एवढेच पाहते. संपादनातील चूक मागे घेता येते, पण समोरचा माणूस बोलून गेला आणि यंत्राने ते टिपलेच नाही, तर त्यावर इलाज नसतो. आत्याच्या जात्यावरच्या ओव्या टिपताना एका मोबाइल अॅपने मला हा धडा दिला. त्यात रेकॉर्ड आणि पॉज यांसाठी एकच लाल गोल होता. नकळत त्याला पुन्हा बोट लागले, गोलाचा रंग जरासा फिका झाला आणि पुढच्या चाळीस मिनिटांतील एकही ओवी हाती लागली नाही.

ऑडेसिटी हे ध्वनिसंपादनाचे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर १९९९मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी लिहायला घेतले आणि २०००मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले; २०२१पासून ते म्यूज ग्रुपकडे आहे. त्याचा चेहरा आजही थोडा जुनाट दिसतो. पॉज, प्ले, स्टॉप, मागे, पुढे आणि लाल ठिपक्याचे रेकॉर्ड अशी सुटी बटणे कॅसेट रेकॉर्डरच्या चालीवर ओळीने मांडलेली आहेत, आणि मला तो जुनाटपणाच सोयीचा वाटतो. पॉज केल्यावर ते बटण दाबलेलेच राहते आणि खालच्या पट्टीत रेकॉर्डिंग थांबवल्याची नोंदही उमटते. दोष आहे तो वेगळाच. पॉजच्या अवस्थेत इफेक्टचे आणि संपादनाचे बहुतेक पर्याय करडे होऊन निकामी होतात. आधी स्टॉप करावे लागते, हे तिथे कुणी सांगत नाही, आणि नवखा माणूस सॉफ्टवेअरच बिघडले असे समजून बसतो.

रेकॉर्डचे बटण दाबल्यावर नवा आवाज कुठे जावा, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. पूर्वी ऑडेसिटी दर वेळी नवा ट्रॅक, म्हणजे पडद्यावर आवाजाची नवी स्वतंत्र पट्टी, उघडत असे. गाणाऱ्याला तंबोऱ्याच्या ट्रॅकवर स्वतःचा आवाज चढवायचा असेल तर ते योग्यच होते, पण वाचणाऱ्याच्या पडद्यावर तासाभरात ट्रॅकांची उतरंड लागायची. २०१७च्या २.२ आवृत्तीपासून 'आर' ही कळ निवडलेल्याच ट्रॅकच्या शेवटी पुढचे रेकॉर्डिंग जोडते आणि नवा ट्रॅक हवा असल्यास जोडीला शिफ्ट दाबावी लागते. सवयीच्या कळांचा अर्थ असा उलटवणे धाडसाचे होते. माझ्या मते ते बरोबर ठरले, कारण आधीच्या आवाजावर नवा आवाज गिरवला जाण्याची भीती दोन्ही मार्गांत नाही.

माझ्या दृष्टीने खरे मोलाचे आहे ते २०१८मध्ये २.३ आवृत्तीत आलेले 'पंच अँड रोल'. समजा, मी 'निरीक्षण' ऐवजी 'परीक्षण' वाचले. अशा वेळी मी स्टॉप करते, चुकलेल्या वाक्याच्या आधीच्या श्वासावर, म्हणजे पडद्यावरचा आवाजाचा आलेख जिथे सपाट दिसतो तिथे, क्लिक करते आणि शिफ्टसह 'डी' दाबते. आधीची पाच सेकंदे हेडफोनमध्ये ऐकू येतात, त्या लयीत मी आवाज लावते आणि नेमक्या त्या जागेपासून नवे रेकॉर्डिंग सुरू होते. सांधा १० मिलिसेकंदांत आपोआप मिसळला जातो आणि जागा नीट निवडली असेल तर तो कानाला सहसा कळत नाही. पूर्वी मी चूक झाल्यावर टाळी वाजवून पुढे वाचत असे आणि रात्री त्या टाळ्या शोधत बसे. एक मात्र ध्यानात ठेवावे लागते : कर्सरच्या पुढचे जुने रेकॉर्डिंग यात काढून टाकले जाते, म्हणून प्रकरणाच्या मध्यावरचे एखादे वाक्य दुरुस्त करण्यासाठी हे साधन वापरू नये.

आवाजाची पातळी दाखवणारा मीटर पुरेसा स्पष्ट आहे. शिखर, म्हणजे आवाजाची सर्वांत वरची पातळी, उणे ६ डेसिबलच्या आसपास राहावे असे धोरण ठेवल्यास 'ख', 'फ', 'भ' यांच्या फुंकरीनेही आवाज फाटत नाही. मात्र एकदा फाटलेला आवाज '३२ बिट फ्लोट' या वरच्या दर्जाच्या नोंदणीच्या गुणवत्तेनेही परत जुळत नाही, कारण तो बहुधा मायक्रोफोनच्या वाटेवरच फाटलेला असतो. ४४१०० हर्ट्झवर त्याच गुणवत्तेचा मोनो (एकाच वाहिनीचा) आवाज तासाला सुमारे ६३५ एमबी जागा घेतो, आणि डिस्कवर आणखी किती वेळ मावेल हे ऑडेसिटी तास-मिनिटांत सांगते. एमबीच्या आकड्यापेक्षा मला हे कितीतरी उपयोगाचे वाटते.

इतके सगळे असूनही 'पंच अँड रोल'ला बटणांच्या ओळीत जागा नाही. ते मेनूच्या आतल्या यादीत दडलेले आहे आणि कळांची जोडी ठाऊक नसलेल्याला सापडणे कठीण आहे. नव्याने वाचायला आलेल्या दोघींच्या लॅपटॉपवर मी अखेर 'डी'च्या कळीला टिकलीएवढा लाल कागद चिकटवून दिला.