हिरव्या दगडाकडे मी बघितलंच नाही

१,१६,७०० रुपये. आकडा आधीच सांगतो, नाहीतर लोक म्हणतात, दोन-चार हजाराला बुडाला असेल, कशाला बोंब मारतो.

टॉवेलचं गोडाऊन सोलापूरच्या हद्दीबाहेर, राज्यमार्गाला लागून घेतलं. रस्ता आणि आपली जागा यांच्यामध्ये गटार. टेम्पो आत घ्यायचा तर पाईप टाकून वर रॅम्प करावा लागतो, आणि ती पट्टी रस्त्याची असल्यानं परवानगी लागते. एवढं मला माहीत होतं. अडाणी नाही मी, २२ वर्षं धंदा केलाय. पण माल पावसाच्या आत हलवायचा होता, आणि परवानगी काढून देणारा माणूस ओळखीतल्यानंच आणून दिला होता. "मालक, तुम्ही फक्त सही करा."

नकाशा-अर्जाचे १०,०००. 'खात्याची फी' २७,५००. अनामत १५,०००. सगळे त्याच्या मोबाईल नंबरवर. सरकारी फी चलनानं भरतात, ग्रास या सरकारच्या पैसे भरायच्या साइटवर, आणि पावती आपल्या नावाची निघते. मी विचारलं होतं हो! "साइट बंद आहे मालक, मी भरून टाकतो."

नवव्या दिवशी ना हरकत पत्र हातात. गोल शिक्का, जावक क्रमांक, सही. पत्र महापालिकेच्या नावाचं.

गोडाऊनच्या अलीकडे १०० पावलांवर किलोमीटरचा दगड आहे. डोकं हिरवं. हिरवं म्हणजे राज्यमार्ग, पिवळं असतं तर राष्ट्रीय महामार्ग. हद्दीबाहेरचा राज्यमार्ग, म्हणजे परवानगी सार्वजनिक बांधकाम विभागाची. महापालिकेचा तिथं संबंधच काय? रोज त्या दगडावरून जातो मी. बायको म्हणालीसुद्धा, "अहो, इथला कर आपण ग्रामपंचायतीत भरतो ना?" मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं. ते वाक्य आता जेवताना घास अडकवतं.

रॅम्पला ६४,२०० गेले: ह्यूम पाईप, मुरूम, काँक्रीट. दीड महिन्यात बांधकाम विभागाची नोटीस आली, मग जेसीबी. अर्ध्या तासात सगळं उखडलं. पत्र दाखवलं तर साहेब म्हणाले, "ज्यांनी दिलं त्यांना विचारा." ज्यांच्या नावाचं होतं त्यांनी रजिस्टर उघडलं, असा जावक क्रमांकच नाही. मग तसं लेखी द्या की! "माहिती अधिकारात मागा." १० रुपयांचं तिकीट लावून अर्ज दिला. ३० दिवसांची मुदत कधीच उलटली.

पोलिसांचं तर बोलूच नका. शहरातलं ठाणं म्हणतं, जागा बाहेरची, तिकडं जा. तिकडचे म्हणतात, पैसे शहरात दिले. एक हवालदार तर हसला, "तुम्हीच पाठवले ना स्वतःच्या हातानं?" हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ आहे. हे मी सांगितलं तर मला बाकड्यावर बसवून ठेवलं, साडेतीन तास! बनावट सरकारी शिक्का समोर टेबलावर पडलाय, आणि यांना तो 'आपसातला व्यवहार' वाटतो.

पत्र मिळालं की पाईप मागवण्याआधी त्या कार्यालयात जाऊन जावक नोंद बघा. फोनवर नको, फोन त्याचाच माणूस उचलतो. रस्ता कुणाचा ते आधी दगडावर वाचा. आणि बायकोचं ऐका.

माझा नंबर त्यानं ब्लॉक केलाय. पण बायकोच्या फोनवर त्याचा स्टेटस अजून दिसतो: 'रोड परमिशनची कामे खात्रीशीर करून मिळतील.' टेम्पो सध्या रस्त्यावरच उभा करतो. गटारावर फळी टाकलीय, आणि हमाल गठ्ठ्यामागे ५ रुपये जादा मागतात.