पोस्टग्रेसचं 'एक्स्प्लेन ॲनलाइझ': फुकट आहे, पण वाचता यायला हवं

क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) रखडली की लोक आधी इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) लावत सुटतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये त्याआधी क्वेरीपुढे 'एक्स्प्लेन (ॲनलाइझ, बफर्स)' लिहून बघावं; बफर्स म्हणजे मेमरी आणि डिस्कवरून किती डेटा वाचला याचा हिशोब, आवृत्ती १८ पासून तो आपोआप येतो. मिळणारा प्लॅन, म्हणजे क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालली त्याचा आराखडा, आतून बाहेर वाचायचा. पहिली नजर अंदाजे रो (ओळी) आणि प्रत्यक्ष रो यांवर. अंदाज १ आणि निघाले ५०,००० असं असेल, तर प्लॅनर (पायऱ्या ठरवणारा भाग) बहुधा नेस्टेड लूप (एका टेबलाच्या प्रत्येक रोसाठी दुसरं टेबल धुंडाळणं) निवडून तोंडघशी पडलेला असतो. टेबलावर 'ॲनलाइझ' ही वेगळी कमांड चालवून, ज्यावर हे अंदाज बांधले जातात ती आकडेवारी ताजी करा.

बहुतेक जण फसतात ते 'लूप्स'पाशी, म्हणजे ती पायरी किती वेळा चालली त्या आकड्यापाशी. दाखवलेला वेळ एका फेरीची सरासरी असते: ०.०२ मिलिसेकंद किरकोळ वाटतं, पण लूप्स ५०,००० म्हणजे चक्क १ सेकंद. सॉर्टखाली 'एक्स्टर्नल मर्ज' आणि डिस्क दिसलं, म्हणजे सॉर्ट डिस्कवर गेला, तर 'वर्क मेम' (सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी) अपुरी पडतेय. मुळात ती ४ एमबीच असते. वाढवा, पण त्या सेशनपुरती (चालू जोडणीपुरती), कारण प्रत्येक सॉर्ट तेवढी वेगळी मेमरी घेऊ शकतो.

आउटपुट रटाळ दिसतं, ते चालवून घेऊ. खरी खोड वेगळीच: 'एक्स्प्लेन ॲनलाइझ' क्वेरी खरोखर चालवतं. डिलीट तपासायचं तर आधी बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू), नंतर रोलबॅक (केलेले बदल रद्द). नाहीतर प्लॅन हाती येईल आणि डेटा गेलेला असेल.