पॅरिस आधी की फ्लॉरेन्स?

परदेशात घडणारी, कोवळ्या वयातली, शेवट गोड असलेली प्रेमकथा हवीय आणि सुट्टी लागली की लगेच हातात घ्यायचीय, अशी फर्माईश आली की दोन नावं हमखास पुढे येतात. एक स्टेफनी पर्किन्सची 'अ‍ॅना अँड द फ्रेंच किस', २०१० सालची, पॅरिसमधली. दुसरी जेना इव्हान्स वेल्चची 'लव्ह अँड जेलाटो', २०१६ सालची, फ्लॉरेन्समधली. दोन्हींचं इंग्रजी सोपं आहे आणि वाक्यं छोटी, त्यामुळे दोन-तीन दिवसांत सहज संपतात. एकाच सुट्टीत दोन्ही उरकण्याचा मोह होईल, पण तो आवरा. सांगाडा एकच असल्यामुळे लागोपाठ वाचलीत तर दुसरीवर अन्याय होतो.

सांगाडा म्हणजे असा: अमेरिकन मुलगी, मनाविरुद्ध परदेशी धाडलेली. अ‍ॅना अटलांटाची. शाळेचं शेवटचं वर्ष पॅरिसच्या बोर्डिंगमध्ये काढायचं, हा निर्णय परस्पर बापाने घेतलेला. लीना सिअ‍ॅटलची. आई गेली, आणि तिचीच शेवटची इच्छा म्हणून लीनाला इटलीत यावं लागलंय. दोघींनाही मुलगा भेटतो, दोन्ही मुलांना आधीच गर्लफ्रेंड आहे. आणि गंमत बघा, अ‍ॅनाच्या एतिएनची आई अमेरिकन, बाप फ्रेंच. लीनाच्या रेनची आई अमेरिकन, बाप इटालियन. म्हणजे नायक दिसायला परदेशी, पण इंग्रजी अस्खलित आणि आजोळ नायिकेच्याच देशात! खऱ्याखुऱ्या परक्या मुलाच्या प्रेमात पडायचं धाडस दोन्ही लेखिकांनी टाळलंय. तुम्हाला तेच हवं असेल, तर या दोन्हींपैकी एकही पुस्तक ती भूक भागवणार नाही.

तरी मला विचाराल तर पॅरिस आधी, आणि त्याचं कारण एतिएन नाही. कारण आहे वेळ. अ‍ॅनाची गोष्ट अख्खं शालेय वर्षभर चालते. तिला फ्रेंचमधलं ओ की ठो येत नाही. सुरुवातीला ती शाळेच्या कँटीनमध्ये शिजवलेलं अन्न घेतच नाही, कारण फळ्यावर लिहिलेले पदार्थ वाचता येत नाहीत आणि समोरच्या आचाऱ्याला काय म्हणायचं हे कळत नाही. ब्रेड आणि फळांवर भागवते. सिनेमाचं एवढं वेड असलेली, पुढे समीक्षक व्हायची स्वप्नं बघणारी मुलगी, आणि शाळेच्या आसपास जुने सिनेमे दाखवणारी थिएटरं असूनही तिकीट मागायच्या भीतीने ती आत पाऊल टाकत नाही! हॉस्टेलमध्ये राहून शिकलेल्या कुणालाही पहिल्या महिन्यातला हा बुजरेपणा ओळखीचा वाटेल. मग हळूहळू तिची भीड चेपते, तिकीट एकटीने काढता येतं, रस्ते पायाखालचे होतात. शहर अंगवळणी पडणं आणि मुलगा आवडायला लागणं या दोन गोष्टी एकाच वेगाने होतात, म्हणून त्या प्रेमावर विश्वास बसतो. नोत्र दामच्या पुढ्यात जमिनीत 'प्वां झेरो'ची खूण आहे, फ्रान्समधल्या रस्त्यांची अंतरं तिथून मोजतात. तिच्यावर उभं राहून इच्छा मागायचा प्रसंग वाचताना थोडं पाघळायला होतं, ते चालायचंच. कॅथेड्रल २०१९ च्या आगीनंतर बंद होतं, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं. पुस्तकातलं नोत्र दाम आगीआधीचं आहे.

खटकणाऱ्या गोष्टी आहेतच. एतिएन गर्लफ्रेंडला सोडतही नाही आणि अ‍ॅनाला मोकळीही करत नाही, हे इतकं ताणलंय की एका टप्प्यावर त्याचे कान उपटावेसे वाटतात. अ‍ॅनाचा बाप रडव्या कादंबऱ्या लिहिणारा. त्याची पात्रं प्रेमात पडतात नि जीवघेण्या आजाराने मरतात, म्हणून ती नाक मुरडते. आणि पुढे याच गोष्टीत एतिएनच्या आईला कॅन्सर निघतो. लेखिकेला यातला विनोद कळला होता का, कोण जाणे.

फ्लॉरेन्सचा ऐवज वेगळा आहे. लीना राहते ती चक्क दफनभूमीत. हॉवर्ड, ज्याच्याकडे तिला पाठवलंय, तो फ्लॉरेन्सबाहेरच्या अमेरिकन युद्धस्मारकाचा प्रमुख आहे. ही जागा खरी आहे. दुसऱ्या महायुद्धात रोम घेतल्यावर उत्तरेकडे सरकताना पडलेल्यांसह सुमारे ४,४०० अमेरिकन सैनिकांची थडगी तिथे आहेत, पांढऱ्या संगमरवरी क्रुसांच्या ओळीच्या ओळी. (त्याच मोहिमेत, १० जुलै १९४४ ला, फ्लॉरेन्सच्या आग्नेयेला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे लढताना पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुस्तकात याचा मागमूस नाही, तशी अपेक्षाही नाही. पण मराठी वाचकाला ती थडगी वाचताना आठवण व्हायला हरकत नाही.) अशा जागी बसून लीना आईची जुनी डायरी वाचते, फ्लॉरेन्समध्ये फोटोग्राफी शिकत असतानाची. आई तिथे कुणाच्या प्रेमात होती आणि ते का मोडलं, हा खरा धागा. तो पक्का विणलाय, पान उलटत राहावं लागतं. रेन गोड आहे, पण त्याचं काम मुख्यतः स्कूटर चालवायचं आणि लीनाला घेऊन आईच्या खुणा शोधत हिंडायचं. सगळं थोड्या दिवसांत आटोपतं, त्यामुळे शहरही पाहुण्याला दाखवतात तसं दिसतं: दुओमो कॅथेड्रल, पोन्ते वेक्किओ पूल, जेलाटो म्हणजे तिथलं आइस्क्रीम.

तेव्हा प्रेमकथेसाठी आसुसला असाल तर पॅरिस. रहस्य हवं असेल, आई-मुलीच्या गोष्टीने डोळे ओले झालेले चालणार असतील, तर फ्लॉरेन्स. पुस्तक तेरा-चौदा वर्षांच्या भाचीला द्यायचं असेल तर मात्र मी डोळे झाकून लीना देईन. अ‍ॅनाच्या गोष्टीत दारू पिऊन झिंगणं, एकीला अंधारात ठेवून दुसरीत गुंतणं असे प्रकार आहेत. ते सोळा-सतराच्या पुढे बरे.

आवडलं तर पुढचं काय, हेही आधीच बघून ठेवा. पर्किन्सचं दुसरं पुस्तक सॅन फ्रान्सिस्कोत घडतं, पॅरिसची हौस असेल तर २०१४ च्या तिसऱ्यापर्यंत थांबावं लागतं. वेल्च मात्र दर वेळी नवा देश देते: २०१८ मध्ये आयर्लंड, २०२० मध्ये ग्रीसचं सान्तोरिनी. 'लव्ह अँड जेलाटो'वर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सने सिनेमा काढलाय, पण त्यात गोष्ट फ्लॉरेन्समधून उचलून रोमला नेलीय. पुस्तकाआधी तो अजिबात बघू नका.