आधी प्लग बघणारे मेस्त्री : भाट्ये पुलाअलीकडचं गॅरेज, रत्नागिरी

माझी स्प्लेंडर २००६ ची. पहाटे पावाच्या दोन पिशव्या बांधायच्या आणि भाट्ये, फणसोप, कोळंबे, गोळप करत पावस गाठायचं, हा रोजचा फेरा. गाडी बंद तर त्या दिवशीची कमाई बंद. गणपतीनंतर तिनं त्रास सुरू केला. सकाळी किक मारून पाय दुखायचा, सायलेन्सरातून काळा धूर, आणि लिटरला ६० देणारी गाडी ४५ वर आली. आधीच्या गॅरेजात काही न उघडताच सांगितलं, "बोअर गेला. साडेचार हजार काढून ठेवा." म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर झिजला.

या मेस्त्रींनी इंजिन गार होऊ दिलं, प्लग काढला आणि दारात उजेडाला धरला. टोक काळं आणि कोरडं. बोट फिरवलं तर पणतीवर धरतात तशी काजळी बोटाला आली. "तेलाचा ओला चिकटा असता तर बोअर म्हटला असता. ही नुसती काजळी हाय. पेट्रोल जास्त, हवा कमी." मग एअर फिल्टर उघडला. पावसाळाभर तांबडा चिखल आणि ओल खाऊन तो गच्च झालेला. गार गाडी सुरू करताना हवा कमी करणारी चोकची दांडीही गंजून अर्ध्यावर अडकलेली. खाऱ्या वाऱ्यात तेही आलंच.

फिल्टर नवा, चोक मोकळा, प्लग नवा. इथे बाकीचे गाडी हातात देतात. हे माझ्या मागे बसले, खिशात प्लगपाना. नुसत्या आयडलिंगवर प्लग काळपटच दिसतो, ओढीवरचा रंग खरा, असं त्यांचं म्हणणं. पूल ओलांडून चढाला तिसऱ्यात गाडी ओढायला लावली. मागे कोणी नाही बघून म्हणाले, "किल्ली बंद, क्लच दाबा, तशीच कडेला घ्या." इंजिन निवेपर्यंत झाडाखाली थांबलो. तापल्या हेडातून प्लग काढला तर आटे जातात म्हणे. मग काढला. टोकाची पोर्सलिन भाजलेल्या काजूगरासारखी, फिकट तपकिरी. तो रंग बघून मला जे बरं वाटलं ते सांगता येत नाही. पांढराफटक निघाला असता तर हवा जास्त, म्हणजे इंजिन तापून पिस्टनवर बेतण्याची भीती.

मजुरी २५० रुपये, सामान वेगळं, जुना प्लग आणि फिल्टर हातात परत. पंधरा दिवस झाले, ॲव्हरेज ५८.

एकटेच आहेत, त्यामुळे अर्धा दिवस मोडतो. दुपारी एक ते चार बंद, तेव्हा फोनही उचलत नाहीत. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराचा नवा नियम) इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल-हवेचं मिश्रण ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक ठरवतो; जुन्या गाडीत ते मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा फिरवायचा स्क्रूच तिथे नाही. तो संगणक तपासायचा स्कॅनर त्यांच्याकडे नाही आणि तसं ते तोंडावर सांगून शोरूमला पाठवतात. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर सकाळी लवकर न्या, म्हणजे नंबर पहिला लागतो.