स्टर्नड्राइव्हचा ट्रान्सम: लाकूड बदलायचं, गिम्बल रिंग की बाहेरचं स्टिअरिंग?

"स्टिअरिंग सरळ धरलं तरी बोट शेपूट हलवत पळते," ही तक्रार घेऊन साताऱ्याचे दोघे मावसभाऊ फेब्रुवारीत माझ्या कुपवाडच्या शेडमध्ये आले. बोट त्यांना कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात चालवायची होती. ट्रेलरवर मुंबईकडून घेतलेली जुनी स्पीडबोट, आत व्ही-८ इंजिन, मागे पंखा फिरवणारा आणि बोट वळवणारा मर्क्रुझरचा ब्राव्हो ड्राइव्ह, म्हणजे स्टर्नड्राइव्ह. थोरल्याच्या मोबाईलमध्ये परदेशी कॅटलॉगचे दोन फोटो होते. एकात जाडजूड गिम्बल रिंग, म्हणजे ड्राइव्हला धरून वळवणारं कडं, दुसऱ्यात बाहेरून बसवायचं हायड्रॉलिक स्टिअरिंग. "दादा, पैसे एकाचेच आहेत. कुठलं घेऊ?"

मी आधी हातोडीची प्लास्टिकची मूठ घेतली आणि ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, ठोकत गेलो. वरच्या बाजूला टणटण वाजत होतं. ड्राइव्हच्या कटआउटखाली, म्हणजे तो बसवायला कापलेल्या भोकाखाली, आवाज बद्द झाला. मग आतल्या बाजूने पाच मिलिमीटरचं ड्रिल घातलं. चांगल्या प्लायचा चुरा कोरडा आणि फिका पडतो. इथे ड्रिलच्या धारेला गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी चिकटून आलं. धाकटा म्हणाला, "हे लाकूड आहे?" होतं कधीतरी.

कुठला पर्याय घ्यावा हे जोर कुठून कुठे जातो त्यावर ठरतं. १९५९ साली व्होल्वो पेंटाने अ‍ॅक्वामॅटिक बाजारात आणला, तेव्हापासून स्टर्नड्राइव्हचं तत्त्व तेच आहे: इंजिन आत, ड्राइव्ह बाहेर, मधे ट्रान्सम. मर्क्रुझरमध्ये पंख्याचा (प्रोपेलरचा) रेटा ड्राइव्हला जोडलेल्या बेल हाउसिंगमधून गिम्बल रिंगला, रिंगमधून ट्रान्समवर बसवलेल्या गिम्बल हाउसिंगला आणि तिथून नटबोल्टांवाटे ट्रान्समला मिळतो. अख्खी बोट त्या एका भिंतीला धरून ढकलली जाते. वळवण्याचं काम वरून होतं. आतला पॉवर स्टिअरिंगचा सिलिंडर एक दांडा फिरवतो, त्या दांड्याचं चौकोनी टोक रिंगच्या चौकोनी भोकात बसलेलं असतं. हे भोक झिजलं की दांडा फिरतो आणि रिंग मागे राहते. तोच 'प्ले'. हळू चालताना स्टर्नड्राइव्हची बोट थोडी इकडेतिकडे जातेच, तो तिचा स्वभाव आहे. वेगात हलायला लागली तर दुखणं समजायचं.

ओळखायला दोन माणसं पुरतात. एकाने स्टिअरिंग घट्ट धरायचं, दुसऱ्याने ड्राइव्हचा खालचा पंख धरून डावीउजवीकडे हलवायचा आणि नजर वर, दांडा रिंगमध्ये शिरतो तिथे ठेवायची. दांडा स्थिर आणि रिंग हलतेय, तर रिंग गेली. अख्खं हाउसिंगच ट्रान्समवर कुरकुरतंय, नटांखालचे वॉशर फायबरमध्ये रुतलेत, कटआउटच्या कोपऱ्यांतून जेलकोटला (फायबरच्या वरच्या चकचकीत थराला) तिरक्या भेगा गेल्यात, तर दुखणं भिंतीचं. या बोटीला दोन्ही होतं.

नवी गिम्बल रिंग आणि दांड्याचा संच घातला की प्ले गेला, चालवायला बोट पुन्हा नवी. कंपनीची साधी रिंग तीनशेच्या आसपास हॉर्सपॉवरला, शांत पाण्यात, भरपूर वर्षं जाते. कॅटलॉगमधली जाड रिंग लागते ती मोठ्या इंजिनाला. लाटेवरून उडी मारल्यावर पंखा हवेत मोकळा फिरतो आणि पाण्यात पडताच एकदम पकडतो. तो दणका खाण्यासाठी ती बनवलेली असते. काम मात्र किचकट. नीट करायचं तर ड्राइव्ह काढा, इंजिन काढा, ट्रान्समवरची असेंब्ली उतरवा. काही जण हाउसिंगला बाजूने भोकं पाडून इंजिन न काढता दांडा बदलतात. जमतं, पण मी ते दुसऱ्याच्या बोटीवर करणार नाही.

बाहेरच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगचं गणित वेगळं. सिलिंडर थेट ड्राइव्हला धरतो, त्यामुळे वळवण्याचा जोर त्या चौकोनी भोकावर येतच नाही. वेगवान बोटींसाठी याहून चांगला इलाज नाही, हे मी मान्य करतो. पण सिलिंडरची दुसरी बाजू धरून ठेवायला ब्रॅकेट लागतो आणि तो ट्रान्समलाच बोल्ट होतो. म्हणजे रिंगवरचं ओझं उचलून भिंतीवर टाकलं. भिंतीत चहाचा चोथा असेल तर ब्रॅकेट पहिल्याच हंगामात डुलायला लागेल.

म्हणून लाकूड आधी. इथे लोकांचा एक समज मोडायला हवा: बोट समुद्रावरून गोड्या पाण्यात आली म्हणजे सुटली, असं नाही. खाऱ्या पाण्यात लाकूड उलट उशिरा कुजतं, मीठ बुरशीला आवर घालतं. गोडं पाणी, त्यातही पावसाचं, हा लाकडाचा खरा वैरी. शिवसागराच्या डोक्यावर महाबळेश्वर बसलंय, जिथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. ताडपत्रीखाली चार महिने उभ्या बोटीत ड्रेन प्लग काढायचा राहिला, की पाणी कटआउटच्या उघड्या कडेतून प्लायमध्ये शिरतं आणि बसून राहतं.

ट्रान्सम भरायला तीन मार्ग. फायबर मिसळलेल्या घट्ट फोमची पाटी कुजत नाही, हलकी असते, पण बोल्टखाली चेपते. प्रत्येक भोकात भरीव फायबरची गुल्ली घालावी लागते आणि माल बाहेरून मागवावा लागतो. ओतायचं मिश्रण वरून आत सोडतात. ज्या आउटबोर्ड (इंजिन मागे बाहेर टांगलेल्या) बोटींची भिंत वरून उघडते त्यांना ते छान. इथे इंजिन निघणारच आहे, मग तो खटाटोप कशाला? राहिला मरीन प्लाय. 'आयएस ७१०' शिक्क्याचा सांगली-मिरजेत सहज मिळतो. 'आयएस ३०३' स्वस्त पडतो, तो फर्निचरला ठेवा. आम्ही १९ मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीत चिकटवले, कडा आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने बंद केलं, वर शिवलेलं ग्लासकापड घातलं. नेहमीची तुटक धाग्यांची मॅट इपॉक्सीबरोबर वापरू नका. तिचा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. आणि एप्रिलमध्ये सांगलीत इपॉक्सी कालवाल तर थोडी थोडी कालवा. भरलेला मग हातातच धुरायला लागतो.

एक आकडा डोक्यात ठेवा: ५१ ते ५७ मिलिमीटर. ड्राइव्ह बसतो तिथे ट्रान्समची जाडी यातच हवी, आणि दोन्ही पृष्ठभाग समांतर हवेत. जास्त जाड म्हणजे जास्त मजबूत, असं समजून कुणी एक थर वाढवला की आतली प्लेट नीट बसत नाही आणि इंजिनाची अलाइनमेंट बिघडते. मग इंजिन आणि ड्राइव्ह जोडणारा कपलर आणि गिम्बल बेअरिंग खाल्लं जातं.

याच बोटीवर आधी कुणीतरी 'मजबुती' करून ठेवली होती. बाहेरून स्टेनलेसची प्लेट, कुजक्या प्लायवरच आवळलेली. आपल्या भागात लेझर कटिंगवाले गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे हा मोह सगळ्यांनाच होतो. पण हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं. स्टेनलेसला चिकटून पाण्यात बसलं की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. प्लेटच्या कडेने पांढरी पावडर फुटली होती. आतून, कोरड्या बाजूला, जाडीच्या हिशोबात बसणारी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट चालते, जोर पसरतो. बाहेरून नाही.

थोरल्याने विचारलंच, "रिंग कोल्हापूर-सांगलीच्या फाउंड्रीत ओतून नाही मिळणार?" पंपाची केसिंग इथे अशी ओततात की बघत राहावं, पण धक्का खाणाऱ्या या भागाचं एकटदुकट कास्टिंग मी घेणार नाही. आत एखादी हवेची पोकळी राहिली तर ती लेथवर दिसत नाही, वळणावर दिसते. झिजलेलं भोक वेल्डिंगने भरून पुन्हा कापणं तर त्याहून वाईट. उष्णतेने आजूबाजूचं कास्टिंग मऊ पडतं.

शिवसागराचं आणखी एक. भरलेल्या कोयनेची पातळी सुमारे २१६३ फूट. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन समुद्रापेक्षा सहा-सात टक्के कमी ताकद देतं. लाटाही तशा नाहीत. तिथला धोका वेगळा आहे: उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या भिंती आणि झाडांचे खुंट वर येतात. खुंटावर आदळलात तर महागडं स्टिअरिंग काही वाचवत नाही.

त्यामुळे या भावांना मी कॅटलॉग बंद करायला लावला: ट्रान्सम नवा, कंपनीची साधी रिंग आणि दांडा, सोबत बेलोज (पाणी आत येऊ न देणारे रबरी भाते) आणि गिम्बल बेअरिंग, कारण इंजिन एकदा बाहेर आलंय. बोट गोव्याच्या समुद्रावर उडवायची असती, पाचशेच्या पुढचं इंजिन असतं, तर ट्रान्समनंतर लगेच बाहेरचं स्टिअरिंग सांगितलं असतं, आणि जाड रिंग त्याच्याही नंतर. कृष्णेच्या पुरात बचावासाठी बोट घेणाऱ्यांनी हे सगळं सोडून आउटबोर्डच घ्यावं. रस्त्यावरच्या पाण्यात ड्राइव्ह पटकन पूर्ण वर उचलता आला पाहिजे.

समुद्रावरचे, ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे अ‍ॅनोड गोड्या पाण्यात थर धरून निकामी होतात, म्हणून मॅग्नेशियमचे घातले. पहिल्या काही फेऱ्यांनंतर ट्रान्समचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायला बोट आणायला सांगितलंय. मे संपायच्या आत, म्हटलं, नंतर कासच्या रस्त्यावर ट्रेलर ओढायचा म्हणजे धुक्यात वळण शोधावं लागतं.